सोमवारचा दुधी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हसलं तरी मला वाईट वाटायचं नाही. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी अर्ध्या रस्त्यातून घरी परत येते. फोन अवेळी वाजला की कोण आजारी पडलं असेल ते माझ्या मनात आधी येतं आणि मग मी फोन उचलते. माझा नवरा म्हणतो, तुला काळजी करायला कारण लागत नाही, फक्त सवड लागते. अशा बाईनं चार घरच्या लोकांना भाजी पुरवायचं काम अंगावर घ्यायलाच नको होतं.

पण घेतलं. भालकीजवळच्या मेहकरच्या बाजूला सासरची थोडी जमीन आहे आणि विहिरीला पाणी बरं आहे. माझी शाळेतली नोकरी सुटली तेव्हा शेजारच्या बांधावरची अक्का म्हणाली, "घरी बसून भिंतीला बघत बसणार का? ये, दोघी मिळून भाजी लावू." अक्का कन्नडमध्ये भांडते आणि मराठीत चेष्टा करते. तिच्यापुढं नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

पद्धत अशी ठरली की भालकीतल्या ओळखीच्या घरांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पैसे द्यायचे आणि मग दर सोमवारी शेतात जे निघेल ते त्यांच्या पिशवीत जाईल. भेंडी भरपूर आली तर भेंडी, पालक किडला तर पालक नाही. निवड त्यांची नाही, आमचीही नाही. सोमवार एवढ्यासाठी की त्या दिवशी आमच्याकडं बैलांना औताला जुंपत नाहीत. बैल गोठ्यात बसतात आणि माणसांचे हात भाजी तोडायला मोकळे होतात.

मला वाटलं होतं, शिकायचं म्हणजे वाफे, पाणी, कीड हे शिकायचं. ते अक्काकडून शिकले. भीती मात्र वेगळ्याच गोष्टीची बसली. बाजारात भाजी विकली की ती कुणाच्या घरी गेली ते कळत नाही. इथं मला प्रत्येक घर माहीत होतं. कुणाच्या पोराला मुडदूस आहे, कुणाची सून बाळंत झाली आहे, कुणाच्या सासऱ्याला दात नाहीत. सोमवारी दुपारी जेवायला बसलं की ही सगळी ताटं मला दिसायची आणि माझा घास तोंडातच फिरायचा.

त्यातल्या त्यात दिलासा हा होता की आमची माणसं बोलायची. फोनवर आमचा एक ग्रुप होता आणि सोमवारी संध्याकाळी त्यावर तक्रारींचा नुसता पाऊस पडायचा. मेथीत माती, वांग्यात आळी, काकडी कडवट, कोथिंबीर मूठभर. अक्का ते सगळं माझ्याकडून वाचून घ्यायची आणि कपाळाला हात लावायची. "एवढी नावं तर माझ्या सासूनं बी ठिवली न्हाईत," म्हणायची. मला मात्र ते ऐकून बरं वाटायचं. माणूस तक्रार करतंय म्हणजे धडधाकट आहे.

एकच घर कधी बोलायचं नाही. ते मोठ्या बाईंचं.

मोठ्या बाई म्हणजे मी लहानपणी शिकले त्या शाळेच्या हेडमास्तरीण. भालकीत त्या एकट्या राहतात, मुलगा हैदराबादला असतो. शाळेत त्यांची चाहूल लागली की आमचा आख्खा वर्ग वहीत डोकं खुपसायचा. शुद्धलेखन, नखं, वेणी, बोलणं, चालणं, सगळ्यात त्यांना चूक दिसायची आणि ती त्या तिथल्या तिथं सांगायच्या. आमच्या भाजीचे पैसे सगळ्यात आधी त्यांनीच दिले. मी हात जोडून गेले होते, घरी परत येताना वाटभर मनात एकच होतं, आता या बाई माझ्या भाजीचीही वही तपासणार.

तसं झालं नाही. बाई लिंगायत, रोज लिंगपूजा करणाऱ्या. ताट वाढून झालं की त्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेतात, ताटातलं त्याला अर्पण करतात आणि मग ते अन्न प्रसाद होतं. प्रसादाला नावं ठेवायची नाहीत आणि त्यातला कणही टाकायचा नाही. अर्पण करण्याआधी चाखायचंही नाही. जेवताना बोलायचं नाही. शेवटी ताटात पाणी घालून, बोटांनी ताट धुऊन ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. ही त्यांच्या आईच्या घरची रीत, त्यांनी कधी मोडली नाही. एकदा आमची गवार इतकी जून निघाली की अक्कानं उरलेली शेळीपुढं टाकली होती. बाईंच्या पिशवीत तीच गेली होती. मी घाबरत घाबरत विचारलं तर म्हणाल्या, "आली ती खाल्ली. ताटात आलं की माझं बोलायचं काम संपलं."

खोटं कशाला सांगू, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. एवढ्या कजाग बाई, आणि माझ्या भाजीला एक शब्द नाही.

त्या सोमवारी भाजी तोडून झाली होती. अक्काचा नवरा पिशव्या आपल्या रिक्षात घालून भालकीला वाटूनही आला होता. पिशवीत दुधी होता, कोवळा, पोपटी, लव असलेला. बी आमचंच होतं. आदल्या हंगामात वेलावर सगळ्यात देखणा दुधी दिसला तो आम्ही वाळवायला ठेवला होता, त्यातलं. मी उरलेल्या दुधींतला एक दुपारच्या भाजीला घेतला, सालं काढली आणि सवयीनं एक चकती जिभेला लावली.

जीभ आत ओढली गेली. कारल्याचा कडूपणा वेगळा असतो, त्याला चव असते. हा कडूपणा घशापर्यंत गेला आणि तिथंच चिकटून बसला. मी थुंकले, चूळ भरली, परत थुंकले. मग दुसरा दुधी कापला. तो गोड होता. तिसरा परत कडू.

"अक्का," मी हाक मारली.

अक्का आली, तिनं चकती जिभेला लावली आणि तोंड वाकडं करून पदरात थुंकली. कुंपणाकडं बघत उभी राहिली. तिकडं पलीकडच्या बांधावर बाभळीवर कडू भोपळ्याचा वेल चढलेला होता. पोरं विहिरीत पोहायला शिकतात तेव्हा पाठीला बांधायला वाळलेले भोपळे लागतात, त्यासाठी कुणीतरी फार वर्षांपूर्वी लावलेला. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. रातपाखरं दोन्ही वेलांवर बसतात, इकडचा पराग तिकडं नेतात, त्यांना बांध कुठं कळतो. आमच्या देखण्या दुधीच्या पोटात तो कडूपणा मागच्या हंगामातच शिरला असणार आणि यंदा काही वेलांना वर आला.

"थुंकून टाकतील की सगळे," अक्का म्हणाली. "एवढं कडू कोण खाईल?"

कडू दुधी विषारी असतो हे मी वाचलेलं होतं. उलट्या, रक्त, माणूस दगावतोसुद्धा. अक्कालाही ते माहीत होतं, म्हणूनच तिनं लगेच थुंकून टाकलं होतं. पण तिचंही खरं होतं. एवढं कडू कोण खाईल? पोरं थुंकतील, सासरे शिव्या देतील, सुना भांडं पालथं करतील. मी एकेक घर डोळ्यांपुढं आणत गेले आणि एका घरापाशी येऊन अडले.

मी ग्रुपवर बोलून पाठवलं, आजचा दुधी कुणी खाऊ नका, कडू आहे, विष आहे. अक्कानं तेच कन्नडमध्ये पाठवलं. मग मी घराघराला फोन लावायला लागले. कुणी अजून चिरला नव्हता. कुणी फोडणीत टाकून, एक फोड चाखून, मला शिव्या देऊन फेकून दिला होता. एक काका म्हणाले, आधी काकडी कडू, आता दुधी कडू, पुढच्या सोमवारी काय कडू पाठवणार? मी त्यांना काकुळतीनं विचारलं, तुम्ही गिळला तर नाही ना? ते हसायलाच लागले.

मोठ्या बाईंचा फोन वाजत राहिला. पूजेला बसताना त्या फोन बाहेरच्या खोलीत ठेवतात हे मला माहीत होतं. सोमवारी त्यांची पूजा लांबते आणि पूजा झाली की लगेच जेवण. मी परत लावला, परत वाजत राहिला. त्यांच्या गल्लीत आमच्या ग्रुपमधलं दुसरं कुणी राहत नव्हतं. नवरा शेतातच होता. त्याला काही सांगायची गरज पडली नाही. माझं तोंड बघून त्यानं गाडीला किक मारली.

वाटभर मी त्याच्या पाठीला घट्ट धरून बसले होते. ऊस भरलेल्या ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि त्याला हळू चालवावं लागत होतं. भालकीच्या तोंडाशी रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी आली ती संपेचना. एकेक डबा पुढं जात होता आणि मला दिसत होतं की बाई एकेक घास घेत आहेत. मी फोन कानाला लावूनच होते. फाटकापाशी शेंगा विकणारा माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "बाई, बसा जरा, चक्कर यायलीय का?" मी मान हलवली. खरंच चक्कर येत होती.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत उदबत्तीचा वास होता आणि बाहेरच्या खोलीत स्टुलावर त्यांचा फोन माझ्याच नावानं वाजत होता. स्वयंपाकघरात बाई पाटावर बसल्या होत्या. कपाळावर विभूती, पुढं ताट, ताटात अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी. भाजी थोडीच उरली होती.

"बाई, खाऊ नका. दुधी कडू आहे."

त्यांनी डावा हात वर केला. थांब. शाळेत तास चालू असताना दारात कुणी आलं की असाच हात वर व्हायचा आणि दारातला माणूस थांबायचा. मीही क्षणभर थांबले, हे आठवलं की अजून मला स्वतःचा संताप येतो.

"विष आहे ते, बाई. सोडा ते ताट."

त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. चेहरा पांढरा पडला होता. कडू लागतंय हे त्यांना पहिल्या घासापासून कळलं असणार. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि घास उचलला. माझ्याकडं न बघता, शांतपणे.

त्या वेळी मला काय झालं ते सांगता येत नाही. ताट ओढून घ्यायचं माझ्यानं झालं नसतं, त्या बाईंच्या पुढ्यातून तर नाहीच. मी खाली बसले, त्यांच्या ताटात हात घातला, उरलेली सगळी भाजी मुठीत घेतली आणि म्हणाले, "प्रसाद टाकायचा नसतो ना, मग मी खाते." आणि हात तोंडाकडं नेला. मी खाणारच होते. भीतीनं माणसाला शौर्य येतं असं कुणी म्हणेल, पण तसं काही नव्हतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बाईंनी माझं मनगट धरलं. त्यांच्या हातातला घास ताटात पडला. "येडी झालीस का तू?" त्या म्हणाल्या. जेवताना त्या बोलल्या. त्यांच्या तोंडून शब्द गेला आणि तो गेल्याचं त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं. मग त्यांनी पोटाशी हात धरला आणि त्या तिथंच, पाटावरच, वाकल्या.

दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. रिक्षात दोनदा उलटी झाली, दुसऱ्या उलटीत रक्त होतं. नवरा पुढं बसून रिक्षावाल्याला सारखा चल म्हणत होता. डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं, मी सांगितलं, त्यांनी पुढं काही न विचारता सलाईन लावलं आणि रक्तदाब मोजत राहिले. तो उतरत होता. मला बाहेर जायला सांगितलं.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. माझ्या उजव्या हाताला अजून भाजीचा वास होता, शेंगदाण्याच्या कुटाचा, कोथिंबिरीचा. छान भाजी केली होती बाईंनी. माझा दुधी, आमचं बी, आमचं पाणी. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. मुलगा हैदराबादहून निघाला होता आणि त्याचा दर थोड्या वेळानं फोन येत होता. त्यानं मला एकदाही रागानं विचारलं नाही, याचीच मला जास्त भीती वाटली.

बाई वाचल्या. डॉक्टर मला म्हणाले की त्यांनी सगळं ताट संपवलं असतं, धुऊन प्यायल्या असत्या, तर मी काही सांगू शकलो नसतो. जीव भांड्यात पडला म्हणतात तसं माझं झालं नाही. भीती नुसती जागा बदलून बसली.

त्या घरी आल्यावर मी भेटायला गेले. गादीवर उशीला टेकून बसल्या होत्या, बारीक झाल्या होत्या. मी ठरवून गेले होते ते सांगितलं.

"बाई, मी तुम्हाला पिशवी पाठवणार न्हाई."

"कामून?"

"तुम्ही बोलत न्हाई म्हणून. बाकीचे शिव्या घालतात, म्हणून मला झोप लागते. तुम्ही काय खाताय ते मला कसं कळायचं?"

"प्रसादाला नावं कशी ठिवू गं मी?"

"प्रसादाला नका ठेवू. मला ठेवा," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढला. "आख्खी शाळा तुम्ही नावं ठेवून सरळ केली. मलाच का सोडता?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले होते. मी चहा न घेता निघाले.

पुढच्या सोमवारी त्यांची पिशवी गेली नाही. त्यानंतरही गेली नाही. आम्ही सगळे दुधीचे वेल उपटून जाळले, पलीकडच्या मालकाला विनवून कडू भोपळाही काढून टाकला आणि बाहेरून बी आणून नवे वेल लावले. तरी माझी भीती जाईना. मग मी प्रत्येक दुधीला देठाशी विळीनं एक टवका काढून चाखायला लागले. एकही दुधी न चाखता जायचा नाही. ग्रुपवर लोक हसायचे, आमच्या दुधीला तुमचे दात लागलेत म्हणायचे. हसू देत. सोमवारी दुपारपर्यंत माझी जीभ बधिर व्हायची.

अशाच एका सोमवारी आमच्या शेताशी रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या, हातात पिशवी, खांद्यावर पूजेची झोळी. त्या सरळ दुधीच्या ढिगापाशी गेल्या. एक उचलला, फिरवून बघितला, देठापाशी बोट फिरवलं.

"ह्ये उष्टं हाय."

"व्हय बाई. चाखल्याबिगर एक बी जात न्हाई आता."

उष्टं अर्पण करायचं नसतं हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यांनी टवका काढलेली जागा परत एकदा निरखून बघितली. मग अक्काला म्हणाल्या, "चूल पेटव."

भाजी त्यांनीच केली, आमच्या छपरात, आमच्या चुलीवर. अक्कानं भाकरी थापली. बाईंनी हातपाय धुतले, विभूती लावली, लिंग तळहातावर घेऊन डोळे मिटले. ताट अर्पण केलं. मी खांबाला धरून उभी होते. चाखलेला दुधी होता, गोड होता, मीच चाखला होता, तरी माझ्यानं खांब सोडवत नव्हता.

त्यांनी पहिला घास घेतला. मी त्यांच्या ओठाकडं बघत होते, कपाळाकडं बघत होते. घाम येतोय का. चेहरा पांढरा पडतोय का. विचारायची सोय नव्हती, जेवताना त्या बोलणार नव्हत्या. बाई सावकाश जेवल्या, भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं भाजी पुसून घेतली, ताटात पाणी घातलं, बोटांनी ताट धुतलं आणि ते पाणी प्यायल्या. तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघितलं, शाळेत बघायच्या तसं.

"दुधी जून झालाय," त्या म्हणाल्या. "बी दाताखाली यायलंय. लवकर तोडायचा होता."

"व्हय बाई," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

"रडायलीस कामून?" त्या म्हणाल्या. "अजून कोथिंबिरीचं सांगितलंच न्हाई."